उंबराखालचं ओसुंद

पस्तिशीचा माणूस जुगार खेळला तर लोक हळहळतात, दारू प्यायला तर त्याच्या बायकोची कीव करतात. पण तोच माणूस मनातल्या मनात एक देश वसवून बसलाय असं कळलं, तर फिदीफिदी हसतात. ह्या हसण्याच्या भीतीपायी आमच्या आत्मारामभावजींनी काय काय होऊ दिलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. अजून आठवलं की माझीच मान खाली जाते.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमचे हे, नाव घ्यायचं तर एकनाथ, माणिकपूरला एका ऑफिसात कारकून. त्यामुळे उमेळ्याची वाडी सांभाळली ती भावजींनीच. केळी, मोगरा, सोनचाफा, विहिरीवरची मोटर, बाजाराला जाणारी फुलं, सगळं त्यांच्या अंगावर. आजूबाजूच्या वाड्या विकल्या गेल्या, तिथे चार-चार मजले उठले, आमची तेवढी हिरवी राहिली. भावजींचं बोलणं मात्र कमी. हाक मारली की "हं", वाढलं की "बास", संपलं. मी म्हणायची, ह्यांच्या शब्दांना रेशनकार्ड लागतं बहुतेक.

वाडीच्या टोकाला एक उंबर आहे. त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड आहे, तो आमचा राखणदार. वाडी त्याची, आपण नुसते कसणारे, असं सासूबाई सांगायच्या. वर्षातून एकदा त्याला नारळ द्यायचा, एरवी तिकडे उगाच फिरकायचं नाही. गडीमाणसं तर दुपारच्या वेळी तिथे पाऊल टाकत नसत. आणि नेमके म्हणूनच भावजी रोज दुपारी तिथे जाऊन बसायचे. कुणी येत नाही, कुणी ऐकत नाही.

हे आम्हाला कळलं चौऱ्याण्णव साली. त्या दिवशी आगाशीहून भावजींना बघायला पाहुणे आले होते. वय चौतीस, स्थळं आटत चाललेली, म्हणून मी पोह्यांवर ओलं खोबरं हात सोडूनच घातलं होतं. आणि नवरदेवाचाच पत्ता नाही. आमच्याकडे फुलं खुडायला येणाऱ्या बायजाला मी त्यांना शोधायला पाठवलं. ती गेली तशी धावत परत आली आणि पाहुण्यांच्या देखतच धापा टाकत सांगू लागली, की धाकटे दादा उंबराखाली डोळे मिटून बसलेत आणि भलत्याच भाषेत बोलतायत. मराठी नाही, इंग्लिश नाही, कुणाचीच नाही. राखणदार आलाय अंगात.

मागोमाग भावजी आले. ओटीवरचे सगळे उभे राहिले. ह्यांनी विचारलं, काय रे, काय झालं? भावजींनी पाहुण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले आणि गप्प राहिले. न बोलणं म्हणजे होकार, असं सगळ्यांनी धरलं. मुलीच्या मामांनी तर कप खाली ठेवून हात जोडले. स्थळ अर्थातच गेलं. भगताच्या घरात पोर देतो कोण?

पाहुणे गेल्यावर भावजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, राखणदार नाही हो. मीच आहे तो."

मग त्यांनी सांगितलं. दहा वर्षांचे असताना गोवर झाला होता, अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं, करमायचं नाही. तेव्हा त्यांनी एक देश काढला. ओसुंद. तिथली नदी सकाळी डोंगराकडे वाहते आणि संध्याकाळी समुद्राकडे. तिथली घरं मिठाच्या राशींवर, म्हणून पाऊस यायच्या आधी अख्खं गाव उचलून दुसरीकडे न्यायचं. तिथे निवाडा देणाऱ्याने गुडघाभर पाण्यात उभं राहूनच निवाडा द्यायचा, म्हणजे तो उगाच लांबण लावत नाही. आणि त्यांची भाषा वेगळी. गोवर गेला, शाळा संपली, आई-वडील गेले, पण देश राहिला. भाषा वाढत गेली. कागदावर एक अक्षर नाही, सगळं डोक्यात. दुपारी उंबराखाली बसून ते तिथल्या माणसांशी बोलत.

मी विचारलं, तिथे खातात काय? तर गडी असा खुलला म्हणता, की माझा भात करपला तरी थांबेना. लग्न होऊन आल्यापासून जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या संध्याकाळी बोलले. पहिल्यांदा रचलेलं वाक्यही म्हणून दाखवलं. सेरू वामे तिलान. म्हणजे, आज शाळेला सुट्टी आहे.

मी म्हटलं, छान आहे की, ह्यात लाजायचं काय? उद्या सगळ्यांना सांगून टाका, नाहीतर हे वाढत जाईल. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. माझ्यापुढे, वहिनीपुढे.

"देवाने झपाटलेला म्हणू देत मला. बाप्या माणूस पोरखेळ करतो असं नको."

झाली की पंचाईत! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ झाकून ठेवायला लोक देतात कुठे? आठवड्याच्या आत दोघी-तिघी आल्या. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या मुलाला नोकरी लागत नाही. लोक भावजींना उंबराखाली नेऊन बसवायचे आणि समोर हात जोडून उभे राहायचे. घाबरून त्यांच्या तोंडी जे पहिलं यायचं ते हेच, सेरू वामे तिलान. आणि मग ते मराठीत काहीतरी साधं सांगायचे, म्हैस डॉक्टरला दाखवा, मुलाला टायपिंग शिकवा. लोकांना त्या मराठीचं काही नव्हतं. ते आधीचं वाक्य ऐकून अंगावर काटा यायचा म्हणे. चर्चच्या पलीकडे राहणारा मायकल रिक्षावालासुद्धा एकदा गुपचूप येऊन गेला, आणि फादरना सांगू नका म्हणाला.

मी महिन्याला एकदा तरी भावजींना टोकत होते. एकदा मी फारच रागावले, तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "खरं सांगू वहिनी? इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ओसुंदी ऐकतंय." मला वाईट वाटलं आणि रागही आला. माणसाला ऐकणारं हवं असतं, कबूल, पण म्हणून देवाच्या दगडाआड बसून बोलायचं?

गर्दी फार वाढली तेव्हा त्यांनी स्वतःच एक नियम काढला. फक्त अमावास्येला. एरवी राखणदार येत नाही. लोकांनी मुकाट्याने मानला. भावजींना सुटल्यासारखं झालं आणि मलाही वाटलं, चला, महिन्यातून एकदाच काय ती लाज.

शहाण्णवच्या पावसाळ्यात बायजा फुलं खुडायला यायची बंद झाली. मिठागराच्या बाजूला तिची वस्ती, तिथे पाणी भरलं की ती चार दिवस येत नसे, म्हणून आम्ही काही मनावर घेतलं नाही. अमावास्येला दिवेलागणीच्या वेळी ती आली. कडेवर तिची उन्नती. नऊ वर्षांची मुलगी कडेवर कशी? जवळ आली तेव्हा दिसलं. पोर हळदीत बुडवून काढल्यासारखी पिवळी. गळ्यात काविळीची माळ, मान आईच्या खांद्यावर टाकलेली, डोळे अर्धे मिटलेले. बायजाने तिला उंबराखाली भावजींसमोर निजवलं. मागे दहा-बारा माणसं आपापला नंबर धरून उभी. आमचे हेसुद्धा होते.

भावजींनी सवयीने डोळे मिटले. "सेरू वामे..." इतकं म्हणाले आणि डोळे उघडले. पोरीकडे बघत राहिले. मग विचारलं, कधीपासून आहे हे? बायजा म्हणाली, झाले की आठ-नऊ दिवस. डॉक्टरकडे नेलं का? नाही नेलं. का नाही?

"अमावास्येला बोलावता ना तुमी. म्हनून थांबले."

भावजी उठून उभे राहिले. हा माणूस मोठ्याने बोलू शकतो हे मला तेव्हा कळलं.

"बायजा, राखणदार नाही, कुणी नाही. ही भाषा मी केलीय. लहानपणी खेळायला केली. सेरू वामे तिलान म्हणजे आज शाळेला सुट्टी आहे. एवढंच. दोन वर्षं मी तुम्हाला एवढंच सांगत होतो."

मागून एक बाई हसली, मग दुसरी. ह्यांचा चेहरा मी बघितला नाही, धीर झाला नाही. भावजींनी पोरीला उचललं आणि चिखलातून तसेच रस्त्याकडे धावले. मायकलची रिक्षा नाक्यावर होती. मी आणि बायजा मागे बसलो, भावजी पोरीला मांडीवर घेऊन. माणिकपूरच्या दवाखान्यात डॉक्टर कडाडले, इतके दिवस कुठे होतात, पोर हातची गेली असती. बायजाने निरागसपणे खरं ते सांगितलं, की अमावास्येची वाट बघत होतो. भावजी तिथेच उभे होते. धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं काय असतं, ते मी त्या माणसाच्या तोंडावर पाहिलं.

उन्नती वाचली. महिनाभराने हिंडू-फिरू लागली. पण भावजी काही वाचले नाहीत. नाक्यावर गेले की पोरं विचारायची, काय आत्माराम, ओसुंदला पाऊस कसाय? कुणी म्हणायचं, सुट्टी आहे का रे आज? आमच्या ह्यांनी नाक्यावरचा चहा सोडला आणि भावाशी बोलणंही जवळजवळ सोडलं. भावजींनी उंबराखाली बसणं सोडलं. फुलं काढायची, पाणी सोडायचं, जेवायचं, झोपायचं. "हं" आणि "बास".

आणि ह्या सगळ्यात एकटी बायजा अशी, की तिचा विश्वास तसूभर हलला नाही. मी तिला दहा वेळा समजावलं. ती हसून म्हणायची, "वैनी, देव कधी सांगतो का मी देव हाय म्हनून? दवाखान्यात न्यायला कोनी सांगितलं? त्यानीच ना?" पुढे दरवर्षी त्याच अमावास्येला ती नारळ घेऊन यायची आणि भावजींच्या पायाशी ठेवायची. एकदा त्यांनी घेतला नाही तर ती ओटीवर बसून रडली. तेव्हापासून घेऊ लागले. घेताना असे चोरट्यासारखे घ्यायचे, की मलाच बघवत नसे. त्या नारळातलं खोबरं मात्र त्यांनी कधी तोंडात घातलं नाही. मीच त्याची चटणी करून संपवायची. नारळाने काय पाप केलंय?

दोन हजार पाचला उन्नती आली, एकटीच. कॉलेजात जाणारी, ओढणी नीट पिन केलेली, तरतरीत मुलगी. तिने ओटीवर उभ्या उभ्या सांगितलं की आईच्या पोटात गाठ निघालीय, डॉक्टरांनी ताबडतोब ऑपरेशन सांगितलंय आणि आई घरातून हलायला तयार नाही. दादांच्या तोंडून राखणदाराचं बोलणं ऐकल्याशिवाय ती अंगाला सुरी लावून घेणार नाही.

भावजी म्हणाले, मी सगळ्यांसमोर सांगितलंय, ते खोटं होतं. आता पुन्हा ते करणार नाही. एवढं एक तरी मला नीट करू दे.

"मला ठाऊक आहे काका, मी तिथेच पडले होते. सगळं ऐकू येत होतं. अर्थही ठाऊक आहे मला." उन्नती म्हणाली. "पण आईला नाही ना पटत. तुम्ही नुसतं म्हणा."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या माणसाला खरं बोला, खरं बोला म्हणून टोचलं, त्याला आता कुठल्या तोंडाने खोटं बोला म्हणू? मी नुसती चपला घालून पायरी उतरले. ते मागून आले.

बायजा झोपडीवजा घरात भिंतीला टेकून बसली होती, निम्मी झालेली. भावजींना बघून तिने पदर डोक्यावर घेतला. ते तिच्यासमोर मांडी घालून बसले. डोळे मिटले नाहीत, खाली जमिनीकडे लावले. मग हळूच म्हणाले,

"सेरू वामे तिलान."

बायजाने हात जोडले, पोरीच्या आधाराने उठली आणि म्हणाली, चल. बाहेर मायकलची रिक्षा उभीच होती. आईला चढवताना उन्नतीने एकदा भावजींकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. तिला रडू येत होतं की हसू, देव जाणे. ऑपरेशन नीट झालं. बायजा आज ठणठणीत आहे, आणि आता नारळ दोन आणते.

पण त्या दिवशी मिठागराच्या बांधावरून परत येताना भावजी माझ्यापुढे चालत होते. मागे न बघताच बोलले.

"वहिनी, ओसुंदीत खोटं ह्याला शब्दच नाही. दहा वर्षांचा होतो, लागलाच नव्हता."

मी म्हटलं, भावजी, सांभाळून चाला, बांध निसरडा आहे. त्यावर ते "हं" म्हणाले.