जावई नावाचा खेकडा

घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहायचं धाडस करतोय, माफ करा.

आमचे सर मावळातल्या खेकड्यांवर संशोधन करतात. भाजे गावाच्या वरच्या वाडीतल्या एका मावशींनी मला ओढ्यातला नारिंगी खेकडा दाखवला.

“ह्याला आमी जावई म्हणतो. पावसात येतो, खातो न् बिळात पडून ऱ्हातो.”

सर हसतील म्हणून त्यांनी माहिती भरायला दिलेल्या तक्त्यातला ‘स्थानिक नाव’ हा रकाना मी कोराच ठेवला.

“लिवलंस का रं?” मावशींनी विचारलं.

“व्हय, मावशी.”

आपला शब्द छापून येणार, हे त्यांनी वाडीभर सांगितलं. सरांना खरं सांगायला माझ्याकडे वर्ष होतं. सांगितलं नाही.

काल सरांचा मेसेज आला. खेकडा नव्या जातीचा ठरलाय, लेख छापून आलाय. त्यात लिहिलंय, स्थानिक लोकांना हा खेकडा माहीत नाही.