नेत्राच्या हातातला दिवा

दिनांक २ मार्च २०२४ रोजी जत्रेच्या नाटकासाठी समितीने एकवीस हजार सातशे पन्नास रुपये मंजूर केले. त्यातली सर्वांत मोठी रक्कम दरवर्षीप्रमाणे मच्छिंद्रची होती. लाइट, स्पीकर, जनरेटर आणि दोन दिवसांची मजुरी, असे मिळून आठ हजार नऊशे. बिल त्याने बैठकीतच माझ्या हातात दिले. नाट्य मंडळाचा हिशेब माझ्याकडे असतो.

"देवाच्या कामात बी बिल?" समितीचे अध्यक्ष बिभीषणआण्णा म्हणाले. हा प्रश्न ते दरवर्षी विचारतात.

"देवाला बिल न्हाय, आण्णा. समितीला हाय," मच्छिंद्र म्हणाला. हे उत्तरही दरवर्षीचेच.

लोक हसले आणि विषय पुढे गेला. गावात मच्छिंद्रला चिकट म्हणतात. तो चिकट नाही. जळकोटला हायवेवर त्याचे मंडप-लाइटचे दुकान आहे. कुणाच्या मयताला स्पीकर लागला तर तो पैसे घेत नाही. आमच्या गावच्या शाळेच्या गॅदरिंगलाही घेत नाही. जत्रेचे मात्र एक रुपयाही सोडत नाही. हे नीट समजायला त्याच्या घराची थोडी माहिती हवी.

आमचे गाव जळकोटपासून आत, माळाच्या अंगाला आहे. पूर्वी जत्रेत पालखीपुढे मशाल धरण्याचे काम मच्छिंद्रच्या घराण्याकडे होते. मशाल धरून पुढे चालायचे आणि प्रत्येक दारासमोर हाक द्यायची, की पालखी येते आहे, बाजूला व्हा. त्याबद्दल पैसे मिळत नसत. दुसऱ्या दिवशी सुपात शिधा यायचा आणि तो वस्तीच्या कडेला, हात न लागेल असा, वरून ओतला जायचा. गाव याला मान म्हणायचे. छप्पन साली वस्तीने धम्म स्वीकारला. त्यानंतरच्या पहिल्याच जत्रेत मच्छिंद्रच्या वडिलांनी विझलेली मशाल देवळाच्या पायरीवर ठेवली आणि ते घरी निघून आले. पुढची तीन वर्षे त्यांना गावात कुणी रोजगार दिला नाही. ते तामलवाडीकडे खडी फोडायला जायचे.

मच्छिंद्रचा जन्म त्यानंतर दहा-बारा वर्षांनी झाला. आयटीआयला वायरमनचा कोर्स करून तो गावात परतला, तेव्हा वडिलांनी त्याला एकच गोष्ट बजावली होती. जत्रेचं काम कर, नको करू, तुझी मर्जी. पण फुकट करायचं नाही.

आता नाटकाविषयी. आमच्या जत्रेत बावीस वर्षांपासून एकच नाटक चालू आहे. 'यान ध्रुवपार' त्याचे नाव. दरवर्षी एक भाग होतो आणि पुढच्या वर्षी गोष्ट तिथूनच सुरू होते. लिहिणारा रामहरी. जनावरांच्या दवाखान्यात तो मलमपट्टी करणारा ड्रेसर आहे. मेंढ्यांमागे माळावर झोपून त्याचे लहानपण गेले, त्यामुळे चांदण्यांची त्याला फार ओढ. कप्तानाचे काम तोच करतो. कप्तान या ग्रहावरून त्या ग्रहावर जातो, कुठे पाणी आटलेले असते, कुठे माणसे झोपच विसरलेली असतात. जळकोटपासून लोक टेंपो भरून बघायला येतात.

पण यान उडवले ते मच्छिंद्रने. पहिल्या वर्षी आमच्याकडे डिमर नव्हता. त्याने सिमेंटच्या पाइपचा तुकडा एका बाजूने बुजवला, त्यात मिठाचे पाणी भरले, पत्र्याचे दोन तुकडे वायरला जोडून त्यात सोडले. वरचा तुकडा खाली नेला की उजेड वाढायचा, वर ओढला की कमी व्हायचा. पाण्याला उकळी फुटायची. पडद्यावर चांदण्या हळूहळू विझायच्या आणि प्रेक्षक माना वर करून बघत राहायचे. त्या वर्षीही त्याने बिल दिले होते. पण तालमींना तो रोज यायचा, त्याचे पैसे बिलात नव्हते. बावीस वर्षांत त्याची एकही तालीम चुकली नाही. सगळ्यांचे संवाद त्याला पाठ.

नाटकात कप्तानाचा जोडीदार होता टिक्का, तेलाच्या डब्यांचा पत्र्याचा माणूस. सिद्धाराम ते काम चौदा वर्षे करत होता. गेल्या वर्षी त्याला चाकणला कंपनीत नोकरी लागली. रामहरीने टिक्काला एका ग्रहावर मागे ठेवून दिले. त्या प्रसंगाला बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. आता नवा जोडीदार आणायचा होता आणि रामहरीला त्याची धास्ती होती. नवा माणूस लोकांनी स्वीकारला नाही, तर नाटक तिथेच संपणार होते.

त्याने नेत्रा लिहिली. ज्या ग्रहावर सूर्य कधी उगवलाच नाही तिथली मुलगी. तिला अंधारात दिसते. आणि हे काम त्याने मच्छिंद्रच्या प्रीतीला द्यायचे ठरवले. प्रीती धाराशिवला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आवाज खणखणीत, पाठांतर बापासारखे. आमच्या नाटकात तोवर वस्तीतले कुणी रंगमंचावर आले नव्हते. कुणी मनाई केली नव्हती आणि कुणी बोलावलेही नव्हते.

मच्छिंद्रला झालेला आनंद मी पाहिला आहे. पोशाखासाठी सोलापुरावरून त्याने चंदेरी कापड आणले. त्याची बायको जाईबाई म्हणाली, "पोरगी गावापुढं नाचणार व्हय आता?" तर हा म्हणाला, "नाचणार न्हाय. यान चालवणार हाय."

शाळेच्या व्हरांड्यात पहिली तालीम झाली. मच्छिंद्र शिडीवर चढून हॅलोजन बांधत होता. रामहरी नेत्राचा प्रवेश समजावून सांगत होता. यान अंधाऱ्या ग्रहावर उतरते. कप्तानाला काही दिसत नाही. नेत्रा हातात दिवा धरून त्याच्या पुढे चालते आणि वाटेतल्या प्रत्येक दारापुढे थांबून हाक देते, की कप्तान येतो आहे, वाट द्या. प्रीतीने दिवा उचलून दोनदा चालून दाखवले. आवाज मैदानापलीकडे गेला.

बिभीषणआण्णा खुर्चीवर बसून बघत होते. ते खूश झाले. "वा गं पोरी!" ते म्हणाले. "रामहरी, लई चांगलं केलंस. मशालीचा मान सत्तर वर्सांनी त्यांच्या घरात परत आला बघ."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. ते खरोखर कौतुक करत होते. रामहरीचा चेहरा उतरला. प्रीती दिवा हातात घेऊन तशीच उभी राहिली.

मच्छिंद्र शिडीवरून उतरला. पक्कड आणि टेस्टर पिशवीत टाकले. प्रीतीच्या हातातला दिवा घेऊन त्याने तो टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "चल."

दुसऱ्या दिवशी रामहरी आणि मी त्यांच्या घरी गेलो. जाईबाईंनी पाणी दिले आणि त्या दारातच बसल्या.

"मच्छिंद्रभाऊ, मला खरंच ठावं नव्हतं," रामहरी म्हणाला. "शपथ घेतो."

"मी कुठं म्हणतो ठावं होतं? तुला ठावं असायची गरजच कधी पडली न्हाय."

"पण बाबा, तिला अंधारात दिसतंय," प्रीती म्हणाली. "कप्तानाला दिसत न्हाय. तो माझ्या भरवशावर चाललाय. मोठी कोण हाय त्यात?"

"ते तुला दिसतंय. खाली बसलेल्यांना काय दिसंल? कप्तान मागं आन् आमची पोरगी पुढं दिवा घेऊन हाका मारत. आण्णाला काय दिसलं, ऐकलंस की."

"मग आण्णासाठी मी काम सोडू?"

"सोड म्हणलो का मी?"

"कालपास्नं एवढंच तर म्हणताय! तोंडानं म्हणत न्हाय, एवढंच."

जाईबाई दारातून म्हणाल्या, "दोघं एकाच मातीचे. जेवलं न्हाय कालपास्नं कुणी."

प्रीतीने मग रामहरीकडे वळून विचारले, "काका, तिला अंधारात दिसतं तर तिला दिवा कशाला पायजे? ज्याला दिसत न्हाय त्यानं धरावा."

रामहरी म्हणाला, "व्हय की. मी बी काय लिवलं!" दिवा कप्तानाच्या हातात गेला. हाका तर काढूनच टाकल्या. मला वाटले, मिटले. पण मच्छिंद्र म्हणाला, "आणखी एक. हिच्या कामाचे पैसे ठरवा. पाचशे. पावतीवर."

आमच्या नाटकात कुणाही कलाकाराला पैसे मिळत नाहीत. चहा आणि शेवटच्या दिवशी जेवण, एवढेच. रामहरीने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलायच्या आत प्रीतीच भडकली. "मला नको पैसे! बाकीचे समदे हौसेनं करतात. मी एकटीनं घेतले तर मी कलाकार न्हाय, रोजानं आणलेली बाई होईन."

"आन् न घेतले तर?" मच्छिंद्रने विचारले. "त्यांनी फुकट केलं तर ती हौस. आपण फुकट केलं तर काय म्हणतात, ते काल ऐकलंस."

प्रीती रडली नाही. बराच वेळ ती पोशाखाच्या कापडाची घडी उलगडत आणि घालत राहिली. दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि दोन्ही एकदम पाळता येणार नव्हते. शेवटी ती म्हणाली, "लिवा पाचशे."

समितीने कुरकुर करत मंजुरी दिली. बिभीषणआण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी काय वंगाळ बोललो, सांगा बरं. मान हाय म्हणलो. शिवी दिली का?" मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी मान हलवली. त्यांना समजले असे मला तेव्हा वाटले.

तालमीत मात्र वारे बदलले. यानाच्या इंजिनिअरचे काम करणारा शिवराज रोज म्हणायचा, "या, पगारी बाई, या. आमी आपले फुकटे." प्रीती पहिल्यांदा हसली, नंतर हसेना. पूर्वी ती मध्यंतरात सगळ्यांबरोबर बसून चहा घ्यायची. आता बापाच्या डिमरपाशी जाऊन बसू लागली. काम मात्र तिने चोख केले.

जत्रेच्या दिवशी नाटक उभे राहिले. अंधाऱ्या ग्रहाच्या प्रवेशाला मच्छिंद्रने उजेड इतका उतरवला की रामहरीच्या हातातला दिवा तेवढा दिसत होता. तो ठेचकाळत होता आणि प्रीती हात मोकळे सोडून त्याच्यापुढे सरळ चालत होती, कुठे खड्डा, कुठे वळण, ते सांगत. लोक रमले होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, "आरं, पोरीच्या हातात दे की दिवा! बाप्या माणसाला धरायला लावलाय!"

मांडवभर हशा पिकला. रामहरीचा संवाद तुटला. प्रीती थांबली, मागे वळून तिने दिव्याकडे पाहिले. तो घ्यायला तिचा हात पुढे होतो की काय, असे मला वाटले. डिमरपाशी बसलेला मच्छिंद्र उठून उभा राहिला होता. ती पुन्हा पुढे वळली आणि राहिलेला संवाद तिने कप्तानाचा आणि आपला, दोन्ही मिळून पुरा केला. टाळ्या पडल्या. नवा जोडीदार गावाने स्वीकारला, असे सगळेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छिंद्रकडून जनरेटरची पावती घ्यायला मी त्याच्या घरी गेलो. ओट्यावर एक सूप होते. त्यात ज्वारीचे पीठ, तुरीची डाळ, गुळाचा खडा आणि वर नारळ. बिभीषणआण्णांच्या गड्याने आणून ठेवले होते. आण्णांनी निरोप दिला होता, की पोरीने आजोबांचे नाव राखले, रीत म्हणून पाठवले आहे. मच्छिंद्र सुपासमोर बसून होता. त्याने त्याला हात लावला नव्हता. त्याचा चेहरा मला बघवेना.

प्रीती आतून आली. सूप उचलून चालू लागली. मी तिच्यामागे गेलो.

बिभीषणआण्णा अंगणात दात घासत होते. तिने सूप त्यांच्या ओट्यावर ठेवले, ओतले नाही.

"आण्णा, हे कशाचं हो?"

"मानाचं, पोरी."

"मान मी घेतला न्हाय. नाटकात काम केलंय. पाचशे ठरलेत, तेवढे द्या."

आण्णांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "लई मनापासून पाठवलं होतं गं," ते म्हणाले. आवाज खरोखर दुखावल्यासारखा होता.

"म्हणूनच म्या स्वतः आणून दिलं. फेकलं न्हाय."

ते आत गेले, कोटाच्या खिशातून समितीचे पैसे काढून मोजले. चारशे साठ भरले. बाकीचे जेवणावळीत खर्च झाले होते. प्रीतीने ते घेतले आणि तेवढ्याच रकमेच्या पावतीवर सही केली.

परतताना रामहरी वेशीत भेटला. त्याने सगळे ऐकले होते. "प्रीती, पुढच्या भागात नेत्राला ठेवू का मागं सोडू?"

"ठेवा, काका."

"आन् काम तूच करशील?"

"ते मला आज इचारू नका," ती म्हणाली आणि धाराशिवची एसटी गाठायला जळकोटच्या टमटममध्ये बसली. मच्छिंद्र मैदानात वायरी गुंडाळत होता. त्याला हे सांगितले, तेव्हा त्याने फक्त विचारले, की ती काही खाऊन गेली का.

पुढच्या भागाचे लेखन रामहरीने अद्याप सुरू केलेले नाही. प्रीतीचे चाळीस रुपये समितीकडून अजून येणे आहेत.