अदोन यांकू आणि माझी जुनी जीप

परवा नातीने सेकंडहँड फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली. फोटो पाठवला आणि खाली हिब्रूत विचारलं, "आजी, आता यात काय काय चेक करू?" मी तिला भराभर सगळं सांगितलं... आणि मग मला माझी जुनी जीप आठवली.

गोष्ट पन्नासच्या दशकातली, इस्रायलमधल्या नेगेवच्या वाळवंटातली. मी तेवीस वर्षांची नर्स, मुंबईच्या ज्यू घरातली, तिथून एकटीच आलेली. आई-बाबा, भावंडं, सगळी तिकडेच राहिली होती.

आमच्या वसाहतीत मोरोक्कोचे लोक होते, रुमानियाचे होते. मराठी बोलणारं मी सोडून कुणी नव्हतं. पंधरा-पंधरा दिवस माझ्या तोंडून मराठी शब्द निघायचा नाही... मग एखाद्या संध्याकाळी आईचं जुनंच पत्र मोठ्याने वाचायचे, फक्त कानावर पडावं म्हणून.

दवाखान्यासाठी वसाहतीच्या कमिटीने लष्कराने काढून टाकलेली जीप घेतली. ड्रायव्हर मिळेना, म्हणून मलाच बीर शेवा शहरात पाठवून गाडी शिकवली. चालवायला आली, पण बॉनेटखाली काय असतं याचा पत्ता नव्हता. दुसऱ्याच आठवड्यात ती चढावर धापा टाकत बंद पडली.

तिला बघायला आले अदोन यांकू. अदोन म्हणजे आपलं 'साहेब'. पन्नाशीचे रुमानियन गृहस्थ, वसाहतीचा पाण्याचा पंप सांभाळायचे. महायुद्धात घरचं कुणी उरलं नव्हतं, एवढंच लोक सांगत... त्यापुढे कुणी बोलत नसे.

त्यांनी एअर फिल्टर उघडून माझ्यापुढे धरला. आत ओंजळभर धूळ! "ती श्वास कसा घेणार?" एवढंच म्हणाले, आणि रॉकेलचा डबा मागितला.

त्यानंतर दर रविवारी सकाळी सहाला ते दवाखान्याच्या अंगणात हजर. शनिवारी शब्बाथ, सगळं बंद, म्हणून आमचा आठवडा रविवारी सुरू व्हायचा. फिल्टर धुणं, रेडिएटरमध्ये पाणी, टायरची हवा, चाकांचे नट. जीपखाली पाठीवर झोपून प्रत्येक सांध्यात ग्रीस भरायचं. चारही चाकांना जोर वाटून देणारा एक वेगळा डबा असतो, त्याचं ऑइल निराळं... हे तर मला तीनदा दाखवावं लागलं.

दोघांचंही हिब्रू मोडकंतोडकं. ते एखादा भाग दाखवून त्यांच्या भाषेतला शब्द सांगत, मी मराठीतला. 'चाक'मधला आपला खास मराठी च त्यांना पहिल्याच फटक्यात जमला! मी इतकी हसले... तिथे आल्यापासून अशी हसलेच नव्हते.

मग हिवाळ्यात एक दिवस लांबच्या पाड्यावरून निरोप आला, बाई अडली आहे. रात्रभराच्या पावसाने वाटेतल्या ओढ्यात नुसती रेती आणि चिखल झालेला. मी उतरून टायरची हवा थोडी कमी केली, पुढच्या चाकांनाही जोर देणारा दांडा ओढला आणि न थांबता ओढा पार केला, जसं त्यांनी शिकवलं होतं तसंच. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

त्या आठवड्यात माझे पाय जमिनीवर नव्हते. रविवारी पहाटेच उठून मी जीपचं सगळं काम उरकून टाकलं. ते आले तेव्हा अभिमानाने सांगितलं, "सगळं झालं! आता तुम्ही यायची गरज नाही."

मला म्हणायचं होतं, तुमच्यामुळे मला आलं, आता तुम्हाला त्रास नको. पण माझ्या तेवढ्याशा हिब्रूत फक्त 'गरज नाही' एवढंच निघालं...

ते "बरं" म्हणाले. स्वच्छच असलेले हात उगाच फडक्याला पुसले आणि गेले.

पुढच्या रविवारी मी एकटीने ग्रीस भरलं. त्याच्या पुढच्याही. काम अर्ध्या तासात संपायचं, आणि मग अंगण केवढं मोठं वाटायचं...

तिसऱ्या आठवड्यात किराणा दुकानातल्या मोरोक्कन मावशींनी विचारलं, "यांकू आजारी आहे का गं? दाढीसुद्धा करत नाही. एरवी रविवारी पहाटे नेमाने करायचा."

मला ते नेहमी गुळगुळीत दाढी केलेलेच दिसले होते. मला वाटायचं, ते असेच असतात.

तशीच पंपावर गेले आणि म्हणाले, "जीपमधून आवाज येतोय."

ते हत्यारं घेऊन लगेच आले. जीपखाली शिरले, इंजिन चालू करायला लावलं, कान लावून ऐकलं. बराच वेळ. मग बाहेर येऊन माझ्याकडे बघितलं. "आवाज नाही."

"नाही," मी म्हणाले. "मी खोटं बोलले."

एकटेपणाला हिब्रूत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "रविवार... फार मोठा होतो."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "माझ्याकडेही," म्हणाले.

मी आलं घालून चहा केला. आम्ही पायरीवर बसून प्यायलो. उठताना त्यांनी विचारलं, "याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?" मी म्हटलं, "चहा." ते हसले. त्यांच्या भाषेतही तो 'चाय'च निघाला!

माझं लग्न होऊन मी डिमोनाला गेले, तोपर्यंत ते दर रविवारी येत राहिले. जीपला गरज असो नसो. पुढे ते वारल्याचं मला फार उशिरा कळलं... निरोप घ्यायला जाता आलं नाही, ते अजून मनात आहे.

आज माझ्याकडे कुणी बल्ब बदलायला आलं, औषधं आणून देऊ का म्हणालं, तर ते काम मला स्वतःला येत असलं तरी मी 'नको' म्हणत नाही. या म्हणते, बसा म्हणते... आणि मनातल्या मनात अदोन यांकूंचे आभार मानते.