हळबे बाईंचा ‘कॅन’

ओहोटी संपून भरती लागायच्या आधी खाडीचं पाणी घटकाभर कुठंच जात नाही. चंद्रिकाची झोपही आत्ता तशीच आहे. धड आत नाही, धड बाहेर नाही. वेलदूरच्या धक्क्याला बांधलेल्या लाँचच्या केबिनीत, सुकाणूच्या चाकामागच्या बाकड्यावर ती आडवी झाली आहे. घरी डोळ्याला डोळा लागेना, म्हणून झुंजुमुंजू व्हायच्या आतच उठून इथं आली. आजची पहिली फेरी तिची आहे. सारंग म्हणून पहिली. सारंग म्हणजे लाँचचा कप्तान, ज्यानं सांगितल्याशिवाय दोर सुटत नाही. या लाँचवर आजवर सगळे सारंग पुरुषच झाले. तिचे बाबासुद्धा.

काल संध्याकाळी धक्क्यावर कुणीतरी तिला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणालं होतं, “आम्ही आपले दुसऱ्या फेरीनं जाऊ, बुवा.” हसणारे हसले. चंद्रिका घराकडं वळली. पण ते वाक्य तिच्याबरोबर घरी आलं, जेवायला बसलं आणि अंथरुणातही शिरलं.

डोळे मिटतात. पाणी लाँचच्या पोटाला चुबुक चुबुक करत राहतं. मग लाँच एका बाजूला किंचित कलते, कुणी पाय ठेवल्यावर कलते तशी.

“पालशेतकर, ही काय झोपायची जागा आहे?”

चंद्रिका ताडकन उठून उभी राहते. चौतीस वर्षांची बाई ती, पण हा आवाज ऐकला की पाय आपोआप जुळतात. दारात हळबे बाई उभ्या आहेत. शाळेत इंग्रजी शिकवायच्या त्या. निळ्या काठांची पांढरी साडी, खांद्याला शबनम, नाकावर घसरलेला चष्मा. गेल्या दिवाळीनंतर त्या गेल्या. खाडीपलीकडं दाभोळला त्यांच्या घरी जाऊन चंद्रिका त्यांच्या फोटोला हार घालून आली होती. हे सगळं तिला आठवतं आहे, आणि तरी बाई आल्या याचं तिला काहीच नवल वाटत नाही. नवल वाटतं ते एवढ्याचंच, की बाईंनी डोळे उघडे ठेवले आहेत.

बाईंना पाण्याची भयंकर भीती. दाभोळहून वेलदूरला शाळेत यायचं तर लाँचशिवाय इलाज नाही. नोकरीची सगळी वर्षं त्या समोरचा दांडा घट्ट धरून, डोळे गच्च मिटून खाडी ओलांडत राहिल्या. लाँच धक्क्याला टेकल्यावर चंद्रिकाचे बाबा हाक द्यायचे, “उतरा बाई, जमीन आली,” तेव्हा कुठं डोळे उघडायचे.

“बाई, तुम्हाला भीती नाही वाटत?”

“आता बुडायचं काय राहिलंय?” बाई म्हणतात आणि पुढच्या बाकावर ऐसपैस बसतात. “बस तूही. तास सुरू झालाय.”

चंद्रिका बसते ती शाळेच्या बाकावर. आठवी ब. खिडकीबाहेर चिंचेचं झाड आहे आणि झाडाच्या बुंध्यापर्यंत खाडीचं पाणी आलं आहे. वर्ग हळूहळू डुलतो आहे. फळ्यावर बाईंच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द आहे. कॅन.

“कॅन म्हणजे काय?”

“डिझेलचा डबा,” चंद्रिका म्हणते आणि स्वतःच जीभ चावते. तेव्हाही तिनं हेच उत्तर दिलं होतं. लाँचवाल्याची मुलगी, तिला कॅन म्हटलं की इंजिनाशेजारचा कॅनच आठवायचा. सगळा वर्ग खिदळला होता. एकट्या बाई हसल्या नव्हत्या.

आताही हसत नाहीत. “बरोबर. पण तो वेगळा कॅन. नावं सारखी, घराणी वेगळी. मी क्रियापद विचारते आहे.”

“शकणे. मी जाऊ शकते, आय कॅन गो.”

“ते परीक्षेपुरतं. तास केवढासा, निम्मं सांगेस्तोवर घंटा व्हायची. आता घंटा नाही. ऐक. फार जुन्या इंग्रजीत या कॅनचा अर्थ ‘शकणे’ नव्हताच. ‘जाणणे’ होता. आय कॅन म्हणजे मी जाणते. बस, एवढंच. पुढं लोकांच्या लक्षात आलं, की जो जाणतो तोच करू शकतो. मग अर्थ सरकत सरकत तिकडं गेला.”

“मग नो म्हणजे काय, बाई? जाणणे म्हणजे तर नो.”

“ती बहीण कॅनची! नो लिहिताना पुढं ‘के’ काढतेस ना, मुका? तो ‘के’ आणि आपल्या ‘जाण’मधला ‘ज’ मुळात एकच. दोन गावांत गेला, दोन नावांनी राहिला. आपलं ज्ञान, आपली जाण, त्यांचं नो, त्यांचं कॅन, एका आईची लेकरं सगळी.” बाईंच्या गालावर लाली चढली आहे. शब्दांवर आल्या की त्या अशाच फुलायच्या. “आणि तोरा बघ या कॅनचा. साधं क्रियापद ‘ही’, ‘शी’पुढं मुकाट्यानं ‘एस’ लावून घेतं. ही गोज, शी कम्स. कॅन लावून घेत नाही. राजा असो की रंक, ही कॅन, शी कॅन. कुणासाठी बदलायची नाही.”

“आणि कुड? त्याच्यात ‘एल’ कशाला, बाई? बोलत तर नाही कुणी.”

“शेजारणीचं बघून घातलेला दागिना! वुड आणि शुड, त्यांचा ‘एल’ घरचा, विल आणि शॅलकडून आलेला. कुडला कधी नव्हताच. त्यांच्या पंगतीत बसून बसून हिनंही घालून घेतला.”

चंद्रिका खळखळून हसते. हसता हसता बघते, तर समोर फळा नाही, टेबल आहे. टेबलावर चहाचा कप आहे आणि टेबलामागं सारंगाची परीक्षा घेणारे साहेब आहेत. साहेबांना चेहरा नाही, पण चष्मा आहे. बाई तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून पायानं ठेका धरत आहेत.

“काय विचारलं होतं यांनी?” बाई कुजबुजतात.

“पाण्याची आडवी ओढ असताना एकटी लाँच धक्क्याला लावशील का. इंग्रजीत विचारलं. कॅन यू?”

“तू काय म्हणालीस?”

“आय कॅन.” चंद्रिकाचा आवाज खाली जातो. “दोनच शब्द, बाई. तोंडातून निघून गेले. पास झाले, कागद मिळाला. पण काल धक्क्यावरचे लोक हसले तेव्हापासून वाटतंय, मी उगाच बढाई तर मारली नाही?”

“दोन शब्दांवर पास केलं त्यांनी?”

“नाही. मग खोदून खोदून विचारलं. मराठीत सांग म्हणाले. पाणी कुठून ओढतं, इंजिनाचा जोर कधी सोडायचा, दोर आधी कुठला टाकायचा. सांगत गेले. त्यांचा चहा गार झाला.”

“मग बढाई कुठली?” बाई उठतात. “चल, मला पलीकडं सोड.”

टेबल पाण्यावर आहे. टेबल नाही, सुकाणूचं चाक आहे ते, आणि चंद्रिकाचे हात त्याच्यावर आहेत. चहूबाजूंनी धुकं आहे, दुधासारखं दाट. वेलदूर दिसत नाही, दाभोळ दिसत नाही. बाई पुढच्या बाकावर ताठ बसल्या आहेत आणि धुक्यात टक लावून पाहत आहेत.

“कुठं आहोत आपण?”

चंद्रिका कान देते. “पाण्याचा आवाज पातळ झालाय, बाई. खाली वाळू आहे. उजवीकडं घ्यायला हवं.” चाक फिरतं. “आता कांदळवनाचा वास आला, म्हणजे वळण गेलं. आता नाकात सुक्या मासळीचा वास येईल. आला. सरळ गेलं की धक्का.”

“कुणी शिकवलं?”

“शिकवलं असं नाही कुणी. बाबांशेजारी उभं राहून राहून आलं.”

“काय म्हणालीस?” बाई गर्रकन वळतात.

“आलं.”

“आलं!” बाई टाळी वाजवतात, वर्गात वाजवायच्या तशी. “मला पोहता येतं. मला लाँच चालवता येते. येते! इंग्रज म्हणतो, मी जाणतो. आपण म्हणतो, ते माझ्याकडं चालत आलं. पालशेतकर, तुझ्याकडं ही अख्खी खाडी चालत आलीय. तू ती जाणलीस. त्यावर तू ‘आय कॅन’ म्हणालीस. एवढ्या वर्षांत शेकडो पोरांनी माझ्यासमोर हे वाक्य म्हटलं. त्याचा मुळातला, जुना अर्थ पुरेपूर भरून म्हणणारी तू एकटी भेटलीस.”

धुक्यातून दाभोळचा धक्का वर येतो, स्वच्छ, उन्हात न्हालेला. लाँच त्याला इतकी हळुवार टेकते, की बाईंचा चष्मासुद्धा हलत नाही.

“उतरा बाई,” चंद्रिका म्हणते. “जमीन आली.”

“दिसली मला,” बाई म्हणतात. “सगळी खाडी दिसली. किती सुंदर आहे गं! मी मेली डोळे मिटून बसायची.”

त्या उतरतात. लाँच वर उचलली जाते, एका माणसाच्या वजनानं.

“चंद्रिका! ए चंद्रिका! उजाडलं की गो!”

ती डोळे उघडते. तोंडावर ऊन आलं आहे. धक्क्यावर दाऊदचाचा उभे आहेत, बाबांच्या वेळेपासूनचे खलाशी. त्यांच्यामागं माणसं आहेत. फार नाहीत. दोन कोळणी पाट्या घेऊन, बाजाराला निघालेलं एक जोडपं, आणि काल दुसऱ्या फेरीनं जाईन म्हणणारा तो, मान खाली घालून चपलेचा अंगठा नीट करत.

“या, चढा,” चंद्रिका म्हणते. आवाज खणखणीत निघतो, तिचा तिलाच नवा वाटतो.

रात्रभर दव पडलं आहे. रेलिंग निथळतं आहे, बाकं ओलीचिंब आहेत. दाऊदचाचा फडकं घेऊन एकेक बाक पुसत पुढं जातात. पुढच्या बाकाशी थबकतात.

“अगो, हे बघ.”

चंद्रिका केबिनीतून वाकून बघते. पुढचं बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत दवानं भिजलं आहे. मधोमध तेवढी एक जागा कोरडी ठणठणीत आहे, एक माणूस ऐसपैस बसेल एवढी.

“इथं कोण बसला होता?” दाऊदचाचा विचारतात.

“बाई,” चंद्रिका म्हणते. सुकाणूवर हात ठेवते. “तेवढं राहू द्या, चाचा. दोर सोडा.”