जास्त भाजलेले दाणे

आमच्या बाबांनी आयुष्यात एकदाही दुसऱ्याच्या वजनकाट्यावर विश्वास ठेवला नाही. कारखान्यात त्यांना शंकोबा म्हणत. हे नाव कोणी पाडलं, याचाही त्यांनी दोन वर्षं तपास केला होता.

आम्ही अत्तरासाठी लागणारा द्रव बनवतो. तेल आणि हायड्रोजन उत्प्रेरकाच्या दाण्यांवरून सोडायचे. क्रिया अर्ध्यावरच थांबली पाहिजे, पुढे गेली की वास जातो. एरवी शंभरातले नव्वद भाग चांगला निघणारा माल त्या महिन्यात साठावर आला.

बाबांना चोर आधीच ठाऊक होता. रिॲक्टरवर पहिल्या पाळीला बाबा असत, दुसऱ्या पाळीला आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका. "पाळीत झोपतो, तापमान चढू देतो," असं बाबांनी चक्क लेखी दिलं. काकांना घरी बसवलं आणि आत्याने भावाशी बोलणं टाकलं. सख्ख्या बहिणीच्या घरावर धोंडा घातला म्हणून मला बाबांचा भयंकर राग आला होता.

मी तिथेच प्रयोगशाळेत. तापमानाच्या नोंदी पाहिल्या, सरळ होत्या. दाण्यांवरचा धातू मोजला, तोही पुरेपूर. मग दाणे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला बाहेर पाठवले. फोटोत धातूचे कण खसखशीएवढे दिसायला हवेत, ते एकमेकांत मिसळून मोहरीएवढे झाले होते. आमची क्रिया अर्ध्यावर थांबते ती कणांच्या कडा-कोपऱ्यांवर. कण मोठे झाले की कोपरे घटतात, सपाटी वाढते, आणि सपाटीवर क्रिया थेट शेवटापर्यंत जाते. दाणे जास्त भाजले की असं होतं.

मी फोटो बाबांपुढे ठेवला.

"हा आपल्याच दाण्यांचा कशावरून?"

"हे दाणे ज्या पिंपातले, त्यावर तुमचीच सही आहे. भट्टीत घातले होते?"

"घालणारच! वजन वाढवायला ओला माल खपवतात हे दाणे विकणारे."

"किती डिग्रीवर?"

"पिंपावर लिहिलेल्याच्या दुप्पट. लिहिलेलं कोण खरं मानतं?"

"बाबा, चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत."

ते बराच वेळ फोटो उलटसुलट करत बसले. मग उठले, मॅनेजरकडे गेले आणि सगळं सांगून आले.

सोमवारी काका कामावर आले, ते अर्ज घेऊनच. 'यांनी हात लावलेला रिॲक्टर तिसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय मी ताब्यात घेणार नाही.' मॅनेजरने तो बाबांना वाचायला दिला. बाबांनी दोनदा वाचला. हे कोणी लिहवून घेतलं, असं या वेळी त्यांनी विचारलं नाही.

"बरोबर लिहिलंय," म्हणाले, आणि खाली स्वतःची सही केली.