मेजरांनी दिलेला नंबर

मेजरांनी कुणाला पटकन "जिंकलास" म्हटल्याचं मला आठवत नाही. होडी सगळ्यांच्या पुढे येऊन काठाला लागायची, पोरं नाचायची, आणि हे येलदरीच्या धरणावर लोखंडी खुर्चीत बसून पाटीवर भागाकार करत असायचे. "गप बसा. आजून भागायचंय," एवढंच. मग तिसऱ्या आलेल्याला पहिला ठरवायचे आणि खरोखर पहिला आलेल्याचं तोंड उतरायचं. ते उतरलेलं तोंड ते अगदी निरखून बघायचे. त्यांना त्यात मजा यायची, हे मी शपथेवर सांगेन.

मेजर खरं तर मेजर नव्हतेच. ताडकळसचा माणूस, नौदलात साधा खलाशी म्हणून गेला आणि निवृत्त होऊन परतला. आमच्याकडे वर्दीतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. सुरुवातीला ते चिडायचे, मग सोडून दिलं. कुठून कुठून जुन्या शिडाच्या होड्या मिळवून त्यांनी धरणावर आणल्या आणि जिंतूरच्या पोरापोरींना दर रविवारी शर्यतीला लावलं. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला येड लागलंय.

होड्या पाच आणि पाचही वेगळ्या. एक हलकी, जरा वारं लागलं की पळणारी, तर एक म्हशीसारखी जड. म्हणून प्रत्येक होडीला एक नंबर असायचा. चपळ होडीचा लहान, मंद होडीचा मोठा. शर्यतीला लागलेल्या वेळेला त्या नंबरानं भागायचं; ज्याचं उत्तर सगळ्यात लहान तो पहिला. हे नंबर मेजरांजवळच्या छापील पुस्तकात होते. "नंबर होडीला असतो, माणसाला न्हाई," असं ते सारखं म्हणायचे. आमचं घर बौद्ध. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत काय हलतं, ते मला सातवीपासून वाचता येतं. मेजरांनी पहिल्या दिवशी मला आडनाव विचारलंच नाही, वजन विचारलं. "अठ्ठेचाळीस? ठीक हाय. बस मागं, सुकाणू धर." त्या एका प्रश्नावर मी या माणसावर जीव टाकला.

जीभ मात्र जहरी. वारं ओळखायला चुकलं की म्हणायचे, "तुज्यापेक्षा रिकामं पिंप बरं तरंगतं." देवगाव फाट्याहून दोन बस बदलून येणाऱ्या एका पोराला एकदा पाच मिनिटं उशीर झाला. मेजरांनी त्याला पाण्यात उतरू दिलं नाही, दिवसभर उन्हात काठावर उभं ठेवलं. वर म्हणाले, "वारं तुज्या बसची वाट बघत बसतंय व्हय?" तो पोरगा रडला आणि पुन्हा आला नाही. मेजरांनी त्याची चौकशीसुद्धा केली नाही.

माझे बाबा सुतारकाम करायचे, दारं आणि चौकटी. मेजरांकडून नकाशा घेऊन त्यांनी चार महिने खपून माझ्यासाठी प्लायवूडची होडी बांधली. ती पुस्तकात कुठून असणार? तिचा नंबर मेजरांनीच ठरवायचा होता. त्यांनी घड्याळ लावून चार रविवार मला बघितलं आणि फळ्यावर लिहिलं, अकराशे ऐंशी. म्हणजे लहान नंबर, चपळ होडी. "मिस्त्री, लय फास्ट होडी बांधलीव तुमी," ते बाबांना म्हणाले. बाबांनी हे गल्लीभर सांगितलं. मी एकटीच रडकुंडीला आले होते.

"मेजर, होडी जड हाय," मी म्हटलं. "मी नीट चालवायले म्हणून ती पळायलीय."

"तू? तू कुठं एवढी लागून गेलीस?" आणि हसले.

त्या हंगामाच्या शेवटच्या शर्यतीतून एकालाच मुंबईच्या शिबिराला जायला मिळणार होतं. तिथून पुढे खेळाच्या कोट्यातल्या नोकरीची वाट होती. मला अठरा पूर्ण होत होती आणि अठरानंतर जागा नव्हती. म्हणजे तोच एक रविवार. मी सगळ्यांच्या आधी काठाला लागले. मेजरांनी भागाकार केला, पुसला, पुन्हा केला. मी अकरा सेकंदांनी हरले होते. बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "होडीच लय भारी झाली गं. माजंच चुकलं." मेजर दोन पावलांवर उभे होते. त्यांनी हे ऐकलं आणि पाटी पुसायला लागले.

पुढच्या हंगामात मी नुसती बघायला गेले. फळ्यावर आमच्या होडीपुढे नवा नंबर होता, बाराशे साठ. मी तिथंच मनात मागच्या शर्यतीचा भागाकार केला. या नंबरावर मी तीन मिनिटांनी जिंकले असते.

"कवा कळलं?" मी मेजरांना विचारलं.

"मागच्याच साली. शर्यतीच्या तीन हप्ते आदी मी सोता चालवून बघितली. मंद हाय ती. तूच लय भारी चालवत व्हतीस."

"मग बदलला का न्हाई?"

"हंगाम सुरू झाल्यावर नंबर बदलत न्हाईत. आज तुज्यासाठी बदलला, तर उद्या पुढाऱ्याच्या पोरासाठी बदलावा लागंल. मग तुला हितं कोण उभं करंल?"

या बोलण्यात मला आजवर खोट सापडलेली नाही, आणि त्याचाच संताप येतो. बाबा त्या रविवारनंतर धरणावर फिरकले नाहीत. नवा नंबर मी त्यांना सांगितला नाही. होडी मंद होती हे कुठल्या तोंडानं सांगू? आपण चांगली होडी बांधून पोरीचं वाटोळं केलं, असं समजूनच ते गेले.

मी आता जिंतूरला एका कचेरीत कारकून आहे. गेल्या हिवाळ्यात मेजर अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा मी ताडकळसला गेले. हाडं राहिली होती नुसती.

"राग हाय का आजून?"

"हाय."

"मी गलत केलं का?"

"नंबराचं न्हाई. पण बाबा सोताला दोष द्यायले होते, तवा तुमी जवळच होता. एक शब्द बोलला असता तर?"

ते म्हणाले, "तवा सुचलं न्हाई, सुजाता." आणि हात पुढे केला. मी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला, पिशवी उचलली आणि बस गाठली. चौथ्या दिवशी ते गेले.

आई म्हणते, मरणाऱ्या माणसाशी गोड बोलायला काय जात होतं तुझं? मला या माणसानं माणसात बसवलं होतं, हे तिलाही माहीत आहे. त्या खोलीत मला सगळं सुचलं होतं. मी बोलले नाही.