समुराई सेनपाईला भेटून आलो

आमच्या घरात सध्या एकच विषय आहे: जपानी नागरिकत्व घ्यायचं की नाही. मंदार, म्हणजे माझा नवरा, एका पायावर तयार आहे. माझं गाडं भारतीय पासपोर्टपाशी अडतं, कारण तो सोडावा लागतो. शेवटी मीच म्हटलं, ज्याने हे चारशे वर्षांपूर्वी करून पाहिलं, त्याच्याकडे जाऊन येऊ.

तो जहाजावरचा इंग्रज वाटाड्या. हाल सोसत जपानच्या किनाऱ्याला लागला आणि शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, मर्जीत बसला. शोगुनने त्याला समुराई केलं. दोन तलवारी, जमीन आणि नवं नाव दिलं. नाव काय, तर 'अंजिन', म्हणजे वाटाड्या! माणसाला हुद्द्याने ओळखायची इथली पद्धत अशी जुनी आहे.

आम्ही राहतो त्या उरायासुहून निघून निहोंबाशीला गाडी बदलायची, मग कानाझावा-हाक्केईला पुन्हा. एकेरी भाडं हजार येनच्या थोडं वर. समुराईच्या नावाचं अंजिनझुका स्टेशन आहे खरं, पण तिथे फक्त रखडत जाणारी गाडी थांबते. हे स्टेशन योकोसुका शहरात, तिथली नेव्ही करी प्रसिद्ध, पण बहुतेक बीफची. शाकाहाऱ्यांनी कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, आंबट प्लम घातलेला भाताचा गोळा घ्यावा आणि गुमान टेकडी चढावी. चढ चांगलाच दमवतो.

वर बागेत दोन दगडी समाध्या आहेत, एक त्याची, एक त्याच्या जपानी बायकोची. तो स्वतः म्हणे दूर हिरादो बेटावर पुरलाय. मंदारने सवयीने बूट काढले, हात जोडले आणि प्रदक्षिणा सुरू केली. मागे मी, माझ्यामागे दहा वर्षांची रेवा. बाकावरचे एक आजोबा चकित होऊन बघत होते.

"तुमचे पूर्वज का?" त्यांनी जपानीत विचारलं.

"नाही, सेनपाई," मंदार म्हणाला. ऑफिसात सीनियरला म्हणतात तसं.

आजोबा हसले नाहीत. उलट वाकून नमस्कार केला आणि आमच्याशी बोलत बसले. म्हणाले, समुराईची इंग्लंडमध्येही बायको होती, मुलगी होती. परत जाऊ द्या म्हणून तो वर्षानुवर्षं विनवत राहिला आणि शेवटी परवानगी मिळाली.

"मग?" मी विचारलं.

"गेले नाहीत."

"तिकडच्या मुलीला कोणी सांगितलं?" रेवाने जपानीतच विचारलं.

उतरताना मंदार म्हणाला, "त्याला दोन तलवारी चालल्या. आपल्याला दोन पासपोर्ट चालत नाहीत."

घरी पोचल्यावर साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. ती तिथे एकटीच असते. रेवाने तिला सगळी गोष्ट सांगितली, निम्मी मराठीत, निम्मी इंग्रजीत. मी घाईघाईने म्हटलं, "आई, आमचं तसं नाही. पासपोर्ट सोडला तरी आम्हाला परदेशस्थ भारतीयांचं कार्ड मिळतं, व्हिसाशिवाय कधीही येता येतं."

"हो गं," आई म्हणाली. "पण येता येत असून आला नाही, हे कळल्यावर त्या पोरीला फार लागलं असेल."

कॉल संपल्यावर मी मंदारला सांगितलं, "तुझा अर्ज तू कर. आई आहे तोवर मी इथे परदेशीच बरी."